पहाटे गळतो, दुपारी कोरडा: तांब्याच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह

बेळगावातल्या शहापूरला आमच्या आत्याच्या घरी जिन्याच्या वळणावर एक व्हॉल्व्ह आहे. गच्चीवरच्या सोलरमधून तांब्याचा पाइप खाली न्हाणीघरात उतरतो, त्याच्या साधारण मध्यावर. दोन हिवाळ्यांत तो तीनदा बदलला. प्रत्येक वेळी मेस्त्री अकराच्या सुमारास आला, काम केलं, पाणी सोडलं, जोड हाताने चाचपला. कोरडा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या उठली की जिन्याच्या तीन पायऱ्या ओल्या.

"दुपारी सगळी येतात, बघतात, 'कुठं गळूलाय ओ?' म्हणतात," आत्या मला सांगत होती. "पहाटे मी एकटीच बघायची काय?"

मी उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, पंधरा वर्षं फिटर होतो, आता नळकाम आणि सोलरच्या लाइनी दुरुस्त करतो. बेळगावात, खानापूरकडे, कधी निपाणीपर्यंत जातो. हीच तक्रार वेगवेगळ्या घरांत इतक्यांदा ऐकली आहे की ती नीट लिहून ठेवावीशी वाटली. आजकाल नव्या घरांत सीपीव्हीसीचा प्लॅस्टिक पाइप असतो, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी घरांत गरम पाण्याची लाइन तांब्याची आहे आणि ती अजून चांगली आहे. एका व्हॉल्व्हसाठी ती उखडून टाकायला सांगणारे भेटतात. तसं करायची गरज बहुतेक वेळा नसते. व्हॉल्व्ह परत परत गळतो याचं कारण सहसा व्हॉल्व्हमध्ये नसतंच. तो ज्या पाइपवर बसवला, जसा बसवला आणि ज्या वेळी तपासला, त्यात असतं.

आधी हे ठरवा की पाणी खरंच त्या जोडातून येतंय. पाण्याला पाइप धरून खाली उतरायची सवय असते. वर टाकीजवळच्या सॉकेटमधून थेंब सुटला की तो पाइपच्या अंगाने ओघळत येतो आणि व्हॉल्व्हच्या नटाला अडकून तिथून टपकतो. बघणाऱ्याला वाटतं, नट गळतोय. व्हॉल्व्हच्या वीतभर वर पाइपला सुती चिंधी घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी चिंधी ओली असेल तर वर बघायचं, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. आणि थंड पाण्याची लाइन असेल तर पावसाळ्यात पाइपला घाम येतो हेही लक्षात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की जमिनीखालच्या टाकीतलं गार पाणी पाइपमधून चढायला लागलं की सगळा पाइप बाहेरून भिजतो. घाम सगळ्या अंगावर सारखा असतो. गळती एका जागेवरून सुरू होते.

ती जागा शोधायला माझ्याकडे सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे शाळेतला खडू. जोड फडक्याने पूर्ण कोरडा करायचा आणि नटाच्या दोन्ही कडांवर, हँडलखालच्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या बुडाशी, डाखाच्या (सोल्डरच्या) कडेला रंगीत खडू घासायचा. पाणी केसाएवढ्या फटीतून आलं तरी त्या जागी खडूचा रंग गडद होतो आणि त्या डागाचं टोक नेमकं फटीकडे असतं. जुनी गळती असेल तर खडूचीही गरज पडत नाही. तांबं कळकतं. पितळी नटाच्या कडेला हिरवट पांढरी रेघ दिसली की पाणी तिथून बरेच दिवस येतंय असं समजा.

आता पाइप मोजा. हे कुणी करत नाही आणि निम्मे घोटाळे इथेच आहेत.

आपण सगळे "अर्धा इंची तांबं" म्हणतो, पण बाजारात त्या एका नावाखाली वेगवेगळे पाइप आहेत. नळकामाचा पाइप मिलिमीटरवर चालतो, त्याचा बाहेरचा व्यास १५ मिलिमीटर. फ्रीज-एसीच्या दुकानात मिळणारा पाइप इंचावर चालतो. तिथे पाच सुताचा, म्हणजे ५/८ इंची पाइप बाहेरून १५.८८ मिलिमीटर भरतो आणि अर्धा इंची पाइप १२.७ मिलिमीटर. जुन्या काळी ज्याला जो मिळाला त्याने तो टाकला. १५ आणि १५.८८ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. पण १५ च्या पाइपवर ५/८ ची फिटिंग सैल बसते आणि डाख त्या फटीत चढत नाही, नुसता कडेला साचतो. डाखाला पाइप आणि सॉकेटच्या मध्ये कागदाच्या जाडीएवढी फट लागते. ती मोठी झाली की तो ओढला जात नाही. उलट ५/८ च्या पाइपवर १५ ची पितळी रिंग, जी नट आवळला की पाइपवर दाबून पाणी अडवते, ती चढतच नाही, मग कुणीतरी पाइप कानशीने घासून ती चढवतो. घासलेला पाइप गोल राहत नाही आणि तिथून पाणी येत राहतं.

व्हर्नियर नसेल तर कागदाची अरुंद पट्टी पाइपभोवती गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे पेन्सिलची खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. ४७ मिलिमीटर आले तर पाइप १५ चा, जवळपास ५० आले तर ५/८ चा, ४० आले तर अर्धा इंची एसीचा. पट्टी गुंडाळण्याआधी पाइपवरचा रंग खरवडून काढा. दोन-तीन दिवाळ्यांचा ऑइल पेंट असला की माप चुकतं. दुकानात जाताना ही पट्टी खिशात घेऊन जा. नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणालात तर दुकानदार हाताला लागेल ते देतो, त्यात त्याचा दोष नाही.

पाइपच्या अंगावर दोन-तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसले तर मात्र थांबा. तिथे पाइप आतून पोखरला गेलाय. अशा पाइपवर नवा व्हॉल्व्ह बसवला की तो कोरडा राहतो आणि हातभर अंतरावर दुसरीकडे फुटतं. तेवढा तुकडा बदलायलाच हवा.

कापण्याआधी तीन गोष्टी करा. गीझर किंवा सोलरचा बॅकअप हीटर मेनपासून बंद करा, नुसता स्विच नाही. दुसरं, जुन्या घरांत अर्थिंग पाण्याच्या पाइपवरून घेतलेलं असतं, तेव्हा टेस्टर लावून बघा. अर्थिंगची तार पाइपला बांधलेली दिसली तर पाइप कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जाड तारेने जोडून घ्या आणि मगच कापा. मध्ये कापलेल्या पाइपची दोन टोकं दोन हातांत धरणं जिवावर बेतू शकतं. हे काम इलेक्ट्रिशियनला बोलावून सुधारून घेतलं तर उत्तम. तिसरं, लाइन पूर्ण रिकामी करा. वरचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ सोडला की झालं असं नाही. वरच्या बाजूने हवा आत गेल्याशिवाय पाणी पूर्ण उतरत नाही, म्हणून वरचाही एखादा नळ उघडा ठेवा.

किती कापायचं याचाही हिशेब असतो. व्हॉल्व्ह ६० मिलिमीटर लांब आहे म्हणून ६० कापले, असं मी कितीतरी घरांत बघितलंय. पाइप दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हच्या आत जायला हवा. प्रत्येक बाजूला तो १५ मिलिमीटर आत जात असेल तर मधून फक्त ३० कापायचे. ६० कापले की पाइपचं टोक जेमतेम रिंगच्या खाली येतं, नट आवळला की रिंग धरल्यासारखी वाटते आणि पहिल्या थंडीत सुटते. कापायला पाइप कटर घ्या, हॅक्सॉने तिरका काप येतो. कटर हळूहळू आवळा, एकदम आवळला तर मऊ तांबं आत दबून टोक बारीक होतं. कापल्यावर आतली धार गोल कानशीने काढा आणि बोट फिरवून बघा. दोन्ही बाजूंचे भिंतीवरचे क्लॅम्प हातभर अंतरापर्यंत सैल करा, नाहीतर पाइप ताणून व्हॉल्व्हमध्ये कोंबावा लागतो आणि तो ताण कायम जोडावर राहतो.

रिंगचा व्हॉल्व्ह घ्यायचा की डाख द्यायचा, हे मला नेहमी विचारतात. पाइप गोल आणि गुळगुळीत असेल, हाताला जागा असेल तर रिंगचा बरा, कारण पुढे खोलता येतो. पाइपवर उभे ओरखडे असतील तर रिंग कितीही आवळा, पाणी त्या ओरखड्यातून येणारच. तिथे डाखच हवा. उभा ओरखडा म्हणजे पाण्याला तयार पाट.

रिंग बसवताना आधी नट, मग रिंग, मग पाइप आत पूर्ण टेकेपर्यंत. नट हाताने जितका फिरेल तितका फिरवा, मग पाना लावून एक फेरा, फार तर सव्वा. आवळताना दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरून ठेवा, नाहीतर पलीकडचा जोड पिळला जातो. गळतंय म्हणून दरवेळी पाव फेरा आवळत राहणं, हे आत्याकडे झालेलं. मी नट खोलला तेव्हा रिंगने पाइपला कंबर पाडली होती, आत बोट घातलं तर तिथे उंचवटा लागत होता. एवढी आवळलेली रिंग पुन्हा कधी धरत नाही. नवा व्हॉल्व्ह आणून जुन्या रिंगवर बसवणंही तसंच. नवी रिंग नव्या, ताज्या पाइपवर बसवायची, म्हणजे जुनी जागा कापून टाकायची. नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळून काही साधत नाही, कारण पाणी आटे अडवत नाहीत, रिंग अडवते. टेफ्लॉन लागतो तो व्हॉल्व्हच्या आटेवाल्या तोंडाचा भाग दुसऱ्या फिटिंगमध्ये जातो तिथे. आट्यांच्या दिशेनेच दहा-बारा वेढे द्यायचे, उलटे दिले तर बसवताना सुटून येतात.

डाखाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण "डाख दिला तरी गळतो" ही तक्रार सगळ्यात जास्त आहे आणि तिचं कारण एकच असतं, पाइपमध्ये राहिलेलं पाणी. डाख साधारण २३० अंशांच्या पुढे वितळतो. पाण्याचा एक थेंब जरी जोडाजवळ असला तरी तो उकळत राहतो आणि जोपर्यंत तो आहे तोपर्यंत तांबं शंभरच्या पुढे फारसं जात नाही. तुम्ही टॉर्च लावून बसता, बाहेरची बाजू लाल व्हायला येते, डाखाआधी लावलेला फ्लक्स जळून काळा पडतो आणि आत डाख चढतच नाही. शिवाय पाण्याची वाफ डाखातून बाहेर पडताना सुईएवढं भोक पाडते. ते भोक दिसत नाही. दोन महिन्यांनी तिथे हिरवा ओघळ दिसतो.

वरचा व्हॉल्व्ह जुना असेल आणि थेंब थेंब येतच असेल तर पावाचा पांढरा गर पाइपमध्ये दाबून भरा. बेकरीतला साधा लादीपाव चालतो, फक्त कडेची करपलेली साल नको. तो पाच-सात मिनिटं पाणी शोषून धरतो, तेवढ्यात डाख होतो, नंतर पाण्याच्या दाबाने विरघळून निघून जातो. पाणी सोडताना नळाच्या तोंडाची जाळी मात्र काढून ठेवा, नाहीतर तो लगदा तिथे अडकतो.

आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. तो भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मग कथील लावलं की ते तापलेल्या भांड्यावर आपोआप पसरायचं, तो फक्त कापसाचा बोळा फिरवायचा. कथिलाला तो ज्योत दाखवायचा नाही. डाखाचंही तेच. ज्योत पाइपवर आणि व्हॉल्व्हच्या अंगावर फिरवा, तार दुसऱ्या बाजूने टेकवून बघा, तांब्याच्या उष्णतेने वितळली तरच ती आत ओढली जाते. पाइप आणि सॉकेट काचकागदाने गुलाबी दिसेपर्यंत घासलेले हवेत आणि घासल्यावर बोट लावायचं नाही, बोटाचं तेलही नडतं. तार शिसं नसलेली घ्या. रेडिओ-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या तारेत शिसं असण्याची शक्यता फार, ती घरच्या पाण्याच्या लाइनीला लावू नका. त्याच लाइनीचं पाणी लहान मुलांच्या अंघोळीला जातं, कधी घाईत चहालाही घेतलं जातं.

डाख देताना बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा आणि त्याच्या मधल्या भागावर ओलं फडकं गुंडाळा. आत फिरणाऱ्या चेंडूला टेकलेली पांढऱ्या टेफ्लॉनची बैठक असते, ती २६० अंशांच्या आसपास खराब व्हायला लागते. डाख २३० ला वितळतो आणि बैठक २६० ला बिघडते, म्हणजे हाताशी फार थोडी जागा आहे. बाहेरून जोड सुंदर दिसतो, पण व्हॉल्व्ह बंद केला तरी पाणी येत राहतं, तर ती बैठक जळालेली असते. वायसरचा जुन्या पद्धतीचा स्टॉपकॉक असेल तर त्याचं डोकं आणि वायसर आधी काढून ठेवा. जिन्यात लाकडी तुळया असतात, शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत तर माळाच लाकडी. मागे पत्रा धरा, पाण्याची बादली जवळ ठेवा आणि काम संपल्यावर तासाभराने परत येऊन लाकडावर हात फिरवून बघा.

आता तपासणी. माझा सगळा आग्रह या एका कामासाठी आहे, कारण इथेच घाई होते.

आत्याच्या जिन्यातला पाइप गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत सरळ सहा मीटर आहे. दोन्ही टोकांना सिमेंटात बसवलेला, मध्ये क्लॅम्पने भिंतीला घट्ट आवळलेला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगली थंडी असते, पाइप १५ अंशांवर येतो. दिवसा सोलरचं पाणी त्यातून गेलं की तो ६५ ला जातो. ५० अंशांच्या फरकाने सहा मीटर तांबं ५ मिलिमीटर वाढतं. पाच मिलिमीटर म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखाची निम्मी रुंदी, पण दोन्ही टोकं सिमेंटात अडकलेली असली की हा पाच मिलिमीटर जाणार कुठे? मध्ये जो सगळ्यात कमजोर जोड असेल त्याच्यावर येतो. दुपारी पाइप वाढून व्हॉल्व्हमध्ये दाबला जातो, जोड घट्ट, कोरडा. पहाटे आखडतो, रिंगमधून ओढला जातो, गळतो. अकरा वाजता येणाऱ्या मेस्त्रीने सोलरचं गरम पाणी सोडूनच तपासणी केली, त्याला कोरडा दिसणारच. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने चुकीच्या वेळी बघितलं.

म्हणून गरम पाण्याच्या लाइनीवरचा जोड दोनदा तपासायचा, एकदा गरम असताना आणि एकदा पूर्ण गार झाल्यावर. गार म्हणजे पहाटेचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत जाणं मेस्त्रीला परवडत नाही हे मला कळतं, पण घरच्या माणसाला बघता येतं. खडू लावून ठेवा, खाली वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि घरच्यांना सांगा की उठल्यावर नळ सोडण्याआधी कागद बघा. नळ सोडला, गरम पाणी आलं की खूण पुसली जाते.

तपासताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून खालचे नळ बंद करा, म्हणजे सगळ्या जोडांवर दाब येतो. मग उलटं करा, व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडा. पाच मिनिटांनी नळातून थेंब येत असेल तर बैठक धरत नाही. पहिली तपासणी बहुतेक जण करतात, दुसरी करत नाहीत आणि व्हॉल्व्ह बंद होत नाही हे त्यांना पुढच्या दुरुस्तीच्या दिवशी कळतं.

दाब किती द्यायचा? दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. गच्चीवरची टाकी न्हाणीघरापासून चार मीटर उंच असेल तर जोडावर जेमतेम ०.४ किलो येतो. तेवढ्यावर कोरडा राहिलेला जोड प्रेशर पंप लावल्यावर दोन किलोला गळू शकतो. शहरात काही भागांत चोवीस तास पाणी आलंय, तिथे थेट नळाच्या लाइनीवर दाब टाकीपेक्षा बराच जास्त असतो, पहाटे तर आणखी. तुमच्या लाइनीवर जितका जास्तीत जास्त दाब येणार असेल त्याच्या दीडपट देऊन बघायचं. हाताने चालवायचा टेस्टिंग पंप भाड्याने मिळतो, त्याला गेज असतो. लाइन पाण्याने भरून आधी सगळी हवा काढा, मग दाब चढवा, पंधरा मिनिटं थांबा, दाब पुन्हा पाहिजे तेवढा करा आणि मग अर्धा-पाऊण तास काटा बघा. गरम पाणी भरून काटा बघू नका. बंद पाइपमधलं पाणी गार व्हायला लागलं की गळती नसतानाही काटा खाली येतो आणि तुम्ही चांगला जोड खोलता.

दोन गोष्टी इथे जिवाच्या आहेत. दाब देण्याआधी सोलरची टाकी आणि गीझर लाइनीपासून वेगळे करा. घरगुती सोलरच्या बऱ्याच टाक्या दाब सोसायला बनवलेल्याच नसतात, त्या फुगतात, फाटतात. आणि तपासणी पाण्यानेच करा, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरून नाही. पाण्याचा जोड सुटला तर नुसती चिळकांडी उडते, हवेचा सुटला तर नट गोळीसारखा जातो. हॉटेलच्या स्वयंपाकघरातली गॅसची लाइन कधी तांब्याची असते म्हणून हेच सगळं तिथे करायला जाऊ नका. ते गॅसच्या माणसाचं काम आहे आणि पाण्याचा व्हॉल्व्ह तिथे चालत नाही.

व्हॉल्व्ह कुठे बसवायचा हेही बघा. सोलरच्या टाकीच्या वर जो हवेचा उभा पाइप असतो, त्याच्यावर कधीही व्हॉल्व्ह नको. गीझर आणि त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्येही नको. तिथे कुणी चुकून बंद केला आणि हीटर चालू राहिला तर टाकी फुटते.

आत्याकडे शेवटी काय केलं ते सांगतो. मधले दोन क्लॅम्प काढून पाइप सरकू शकेल असे सैल, आत रबर असलेले बसवले. वरच्या टोकाला सिमेंट फोडून पाइपभोवती बोटभर मोकळी जागा केली. जिन्याच्या वळणावर पाइप सरळ न ठेवता दोन एल्बो घालून एक वळसा दिला, म्हणजे पाच मिलिमीटर त्या वळशात जिरतात. कंबर पडलेला तुकडा कापून टाकला, व्हॉल्व्ह नवा, रिंगा नव्या. व्हॉल्व्हच्या खाली कुणीतरी थेट जीआयचा सॉकेट लावला होता, त्याच्या तोंडाशी गंज धरून निम्मं भोक बुजलं होतं. तांब्यातून आलेलं पाणी पुढे जस्त लावलेल्या लोखंडात गेलं की लोखंड लवकर खातं. तो काढून पितळी घातला. व्हॉल्व्हला लागून हा गंज असला की लोक म्हणतात व्हॉल्व्हमधून पाणी कमी येतं, आणि व्हॉल्व्ह बदलतात.

त्या दिवशी दुपारी गरम पाणी सोडून बघितलं, कोरडा. मग लाइन पाण्याने भरून तशीच ठेवली आणि मी तिथेच राहिलो. सकाळी साडेपाचला आत्याने दिवा लावला, मी जिन्यात खाली बसून कागद उचलला. खडू जसाच्या तसा होता, फक्त स्पिंडलच्या बुडाशी एक काळपट ठिपका. तो जोडाचा नव्हता, हँडलखालच्या छोट्या ग्लँड नटाचा. हँडल काढून तो नट जेमतेम अष्टमांश फेरा आवळला, हँडल फिरवून बघितलं, अडत नव्हतं. नवीन व्हॉल्व्हचा हा ठिपका बऱ्याचदा दिसतो आणि त्यासाठी पूर्ण व्हॉल्व्ह बदलायची गरज नाही.

आत्याने विचारलं, आता त्याला हात लावायचा नाही ना? लावायचा, असं सांगितलं. महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडायचा. अथणी, रायबागकडच्या बोअरच्या जड पाण्यात तर हे केलंच पाहिजे, कारण चेंडूवर क्षार बसले की दोन वर्षांनी हँडल हलत नाही, आणि हलवायला गेलं की बैठक ओरबाडली जाते. आणि टाइल्सवाला आला तर व्हॉल्व्ह भिंतीत बुजवू द्यायचा नाही. हात आणि पाना दोन्ही आत जातील एवढी, साधारण वीतभर चौकोनी झाकणाची जागा सोडायला सांगायची, आणि पहिली थंडी जाईपर्यंत त्या झाकणाला स्क्रू मारायचे नाहीत.